लिस्बनमध्ये वॉकिंग टूर घ्यायची आहे, कशी निवडावी?

मृण्मयी_प

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं लिस्बनला जातोय. मी, नवरा आणि माझे आई-बाबा. तिकिटं काढून झाली, राहायची सोय बायशा भागात झाली. आता अडलंय ते शहर बघायचं कसं यावर.

बसमध्ये बसून 'डावीकडे हे, उजवीकडे ते' असलं धावतं दर्शन कुणालाच नकोय. बाबा निवृत्तीपर्यंत शाळेत इतिहास शिकवायचे, आणि गोवा मुक्तिसंग्राम हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. तेव्हा जाणकार माणसाबरोबर पायी फिरायचं हे एकमताने ठरलं. पण नेटवर बघायला गेलं तर टूरचा नुसता सुळसुळाट आहे. कुणी तीन तासांत अख्खं शहर दाखवतंय, कुणी फुकट दाखवतंय, कुणी खायला घालत दाखवतंय, कुणी रात्री फादो, म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं, ऐकवतंय. सगळ्यांना पाच तारे, सगळ्यांच्या खाली 'अप्रतिम अनुभव'. यातून निवडायचं काय बघून? आईचे गुडघे दुखतात आणि ती अंडंसुद्धा खात नाही, तेही लक्षात घेऊन सांगा.

केळशीकर

मृण्मयी, मी बरीच वर्षं लिस्बनमध्ये राहतोय. आलेल्या पाहुण्यांना कुठल्या टूरवर पाठवायचं हा आमच्या घरचा कायमचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टूरच्या पानावर ठिकाणांची लांबलचक यादी असते, ती बाजूला ठेव. गाइड कुठल्या एका प्रश्नाचा माग काढत चालणार आहे तेवढं बघ. पहिल्यांदा येणाऱ्यासाठी लिस्बनमध्ये तो प्रश्न १७५५चा असावा असं माझं ठाम मत आहे.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या पुढे, लोक चर्चमध्ये जमलेले, वेदीपाशी मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. पडत्या घरांपासून जीव वाचवायला माणसं नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावली. पाऊण तासाच्या आत तिथेच त्सुनामीच्या लाटा आल्या. त्यात मेणबत्त्या आणि चुलींनी आग लावली, ती पाच-सहा दिवस जळत होती. नदीकाठचा राजवाडा, हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार सांभाळणारी 'कासा दा इंडिया', त्याच वर्षी उघडलेलं ऑपेरागृह, सगळं गेलं.

तुम्ही राहणार ते बायशा म्हणजे त्या राखेवर नव्याने आखलेली पेठ. राजा जुझे पहिला इतका धसकला की पुढे दगडी वाड्यात राहायला तयार होईना, आजुदाच्या टेकडीवर तंबू आणि लाकडी इमारतींत राहिला. कारभार हातात घेतला तो त्याचा मंत्री सेबाश्तियांव जुझे द कार्व्हाल्यू इ मेलू याने. पुढे त्याला पोंबालचा मार्क्विस केलं, आणि इथे सगळे त्याला पोंबाल म्हणूनच ओळखतात. त्याने सरळ रेषेत रस्ते पाडले, इमारतींची उंची ठरवून दिली, धंद्यांना गल्ल्या नेमून दिल्या: सोनारांची वेगळी, चांदीवाल्यांची वेगळी, चांभारांची वेगळी, कापडवाल्यांची वेगळी. पाट्यांवर ती नावं अजून आहेत. भिंतींच्या आत फुलीच्या आकारात जोडलेल्या तुळयांचा लाकडी सांगाडा घातला, म्हणजे हादरा बसला तर दगड-विटा निखळतील पण सांगाडा माणसांवर कोसळणार नाही. आणि गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी मागे हटला का, विहिरींच्या पाण्यात काही फरक पडला का. भूकंपाकडे देवाचा कोप म्हणून न बघता त्याची माहिती गोळा करायचा हा जगातला फार आधीचा प्रयत्न मानतात.

हे एकदा नीट कळलं की बाकीचं शहर उलगडत जातं. कार्मोच्या मठाला छप्पर का नाही, आल्फामाच्या गल्ल्या वाकड्यातिकड्या का राहिल्या (तो भाग कठीण खडकावर आहे, बराचसा वाचला), नदीसमोरचा चौक इतका अवाढव्य का. जो गाइड हे जोडून दाखवतो तो खरा. जो प्रत्येक पुतळ्यापाशी थांबून दोन तारखा आणि एक विनोद सांगतो तो पाट्या टाकतोय.

आईंसाठी: एका दिवशी सपाट बायशा आणि वर कार्मो, दुसऱ्या दिवशी आल्फामा वरून खाली. दोन्ही एकाच सकाळी उरकायचा हट्ट नको.

गजाननपंत

'फुकट' टूरबद्दल थोडं सांगतो, कारण तो शब्द वाचून आपल्याकडचे बरेच लोक हुरळतात.

या टूर टिपांवर चालतात. शेवटी प्रत्येकाने आपापल्या मनाने द्यायचं. पण पडद्यामागे अनेक ठिकाणी कंपनी गाइडकडून माणशी काही युरो कापून घेते. म्हणजे पंचवीस माणसं आली आणि निम्मी शेवटच्या वळणावर गुपचूप पसार झाली, तर गाइडला पदरचे भरावे लागतात. त्यामुळे तो गर्दी जमवणार, शेवटच्या अर्ध्या तासात स्वतःच्या पोटापाण्याची गोष्ट काढणार, आणि रोज तेच ते किस्से ठरलेल्या जागी ठरलेल्या आवाजात सांगणार. दोष त्याचा नाही, व्यवस्थेचा आहे.

माणशी दहा-पंधरा युरो टिप तिथे सर्रास दिली जाते. चौघांचे झाले चाळीस ते साठ. मग त्यात आणखी थोडे घालून दहा-बारा जणांची पैसे भरून घेतलेली टूर काय वाईट? युरोपातल्या दुसऱ्या एका शहरात आमच्या ग्रुपमध्ये चाळीसच्या वर माणसं होती. गाइड छत्री वर धरून पुढे, आम्ही मागे, आणि मध्ये ट्राम. ऐकू आलं ते फक्त 'या, या, पुढे या'.

अनघा_वाचते

गजाननपंत, पैशांचं गणित तुम्ही बरोबर मांडलंत, पण निष्कर्ष मला मान्य नाही. टिपांवरच्या टूरमध्ये उत्तम माणसं भेटतात. नवीन, तयारीची, अजून कंटाळलेली नसलेली. आमची गाइड इतिहासात पीएचडी करणारी मुलगी होती. तिने बेलें, मनोरा वगैरे काही दाखवलं नाही. रोसियू चौकाहून दोन मिनिटांवरच्या साव दोमिंगुश चर्चमध्ये नेलं आणि तिथेच वीस मिनिटं थांबली.

त्या चर्चबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आत पाऊल टाकताच आधी वास येतो, जुन्या धुराचा. १९५९मध्ये आत मोठी आग लागली. नंतर छत नवं केलं, गेरूसारखा रंग दिला, पण खांब तसेच ठेवले. दगडाचे पापुद्रे सुटलेले, कडा विरघळल्यासारख्या गोल झालेल्या, काही ठिकाणी हात जाईल एवढ्या खोल खाचा. बाहेरच्या चौकात ज्यूंच्या ताऱ्याचं चिन्ह असलेलं स्मारक आहे. एप्रिल १५०६मध्ये याच चर्चपाशी सुरुवात होऊन शहरात ज्यूंची, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची, कत्तल झाली. दोन ते चार हजार माणसं मारली गेली असं मानतात. स्मारक बसवलं २००८मध्ये. पाचशे वर्षं लागली.

आणि त्याच चौकात आज गिनी-बिसाऊ आणि इतर आफ्रिकी देशांतले लोक रोज संध्याकाळी गप्पा मारत उभे असतात, बायका शेंगदाणे आणि कोला फळं विकायला बसतात. आमच्या गाइडने तेही सांगितलं की या चौकाचं आफ्रिकी लोकांशी नातं शतकानुशतकांचं आहे, गुलामगिरीच्या काळापासूनचं. चर्च, आग, कत्तल, गुलामगिरी आणि आजचा बाजार, सगळं एका जागी उभं राहून. टिप किती दिली ते सांगत नाही, पण हात आखडता घेतला नाही.

मृण्मयी_प

अनघा, वाचताना काटा आला. हे ठिकाण नक्की.

पण मग चांगला गाइड आधीच ओळखायचा कसा? रिव्ह्यू तर सगळेच गोड.

केळशीकर

रिव्ह्यूमधले तारे सोड, नामं आणि क्रियापदं वाच. 'खूप मजा आली, गाइड फार हसरा' यावरून काहीच कळत नाही. 'त्याने सान्ता लुझिया चर्चच्या भिंतीवरच्या फरशा वाचायला शिकवलं' असं कुणी लिहिलं असेल तर समजायचं की त्या माणसाने बघायला लावलं. तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या गोष्टी लक्षात ठेवल्या असतील तर आणखी चांगलं. सगळ्यांना तोच एक विनोद आठवत असेल तर ती पोपटपंची.

दुसरं म्हणजे बुकिंगच्या आधी एक खरा प्रश्न लिहून पाठव. 'वडिलांना पोंबालच्या बांधकामात आणि गोव्याच्या इतिहासात रस आहे, तुमच्या टूरमध्ये त्याला वाव आहे का?' ठोकळेबाज उत्तर आलं तर पुढची टूर बघ. स्वतः गाइडने दोन ओळी मनापासून लिहिल्या तर पैसे वसूल.

ग्रुप बारापेक्षा मोठा नको. वेळ अडीच तास पुरे, त्यानंतर कान बंद होतात. टूर कुठे सुरू होते यापेक्षा कुठे संपते ते नकाशावर बघ, कारण लिस्बनमध्ये शेवट टेकडीच्या माथ्यावर झाला तर आईंना तिथून खाली उतरायचंय. आणि जमल्यास पहिल्याच पूर्ण दिवशी घ्या. पुढचे दिवस मग तुमचे तुम्ही जास्त समजून फिरता.

म्हापशाची_शर्वाणी

मृण्मयीताई, बाबांच्या विषयाबद्दल लिहिते. गोव्याहून जाणाऱ्या माणसाला लिस्बन वेगळं दिसतं, आणि बहुतेक टूर त्याबद्दल गप्प असतात. बेलेंला गेलात की 'शोधांचं युग', 'धाडसी खलाशी' हे सुरू होतं. झेरोनिमुश मठात वास्को द गामाची कबर, नदीकाठी १९६०चं दगडी जहाजाचं स्मारक. बांधकाम देखणं आहे, मठाच्या खांबांवरचे दोरखंड आणि गाठी बघत राहावंसं वाटतं. पण ते स्मारक सालाझारच्या हुकूमशाहीच्या काळातलं आहे, आणि तेव्हा गोवा अजून त्यांच्या ताब्यात होता. हे गाइडने सांगायला हवं. नाही सांगितलं तर बाबांनी विचारावं.

शहराच्या मध्यातच आपल्या ओळखीच्या खुणा आहेत. नदीजवळ 'कासा दुश बिकुश' नावाचं घर आहे, समोरची भिंत हिऱ्यासारखे पैलू पाडलेल्या टोकदार दगडांची. ते बांधलं ब्राश द आल्बुकेर्क याने. १५१०मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सू द आल्बुकेर्कचा हा मुलगा. वरचे मजले १७५५मध्ये गेले, ते १९८०च्या दशकात पुन्हा बांधले. रोसियूच्या उत्तर टोकाला आज जे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्या जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६०मध्ये जे आलं त्याचं मूळ तिथे. औषधी वनस्पतींवर गोव्यात १५६३मध्ये ग्रंथ छापणारा गार्सिया द ओर्ता, ज्याच्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं, त्याची हाडं मरणानंतर बारा वर्षांनी उकरून जाळली, तो ज्यू असल्याच्या आरोपावरून. त्याच ग्रंथात कामोइश या कवीची पहिली छापील कविता आहे, आणि कामोइशच्या पुतळ्यापाशी शियादू भागात बऱ्याच टूर सुरू होतात. पुतळ्याखाली उभं राहून गोव्याचं नाव काढणारा गाइड मात्र शोधावा लागतो.

केळशीकरांच्या पोंबालबद्दल एक भर. गोव्यातलं इन्क्विझिशन १७७४मध्ये त्याच्याच राजवटीत बंद झालं. १७७७मध्ये तो पायउतार झाला आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा सुरू झालं, थेट १८१२पर्यंत.

आता कार्मोचा चौक. मठाला लागूनच तिथल्या गार्डदलाची बराक आहे. २५ एप्रिल १९७४ला सालाझारचा वारस मार्सेलू काएतानु तिथे लपला होता. कॅप्टन साल्गैरू माया याने बाहेर चिलखती गाड्या लावल्या, चौक माणसांनी भरून गेला, संध्याकाळी राजवट संपली. सैनिकांच्या बंदुकीत लाल कार्नेशनची फुलं खोचली म्हणून ती कार्नेशन क्रांती. रक्तहीन म्हणतात, पण शियादूतल्या गुप्त पोलिसांच्या कचेरीतून गर्दीवर गोळीबार झाला आणि चार जण गेले. तिथे पाटी आहे. आपल्यासाठी पुढचं महत्त्वाचं: गोवा १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते मान्य केलं नव्हतं. या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४च्या कराराने केलं. त्या कराराची वाट या चौकातून गेली.

बाबांना मोहन रानडे माहीत असणारच. सांगलीचा हा माणूस गोव्यासाठी लढला, १९५५मध्ये पकडला गेला, त्याला पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळ काशियशच्या किल्ल्यात कोंडलं. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं तो तिथेच होता. सुटका १९६९मध्ये. कॅथेड्रलच्या शेजारी आल्जूब नावाचा जुना तुरुंग आहे, तिथे आता हुकूमशाहीविरुद्धच्या लढ्याचं संग्रहालय आहे. राजकीय कैद्यांना कोंडायच्या अरुंद कोठड्या बघायला मिळतात. टूरमध्ये नसेल तर वेगळं जा.

आडवाटेने

शर्वाणी, फार मोलाचा प्रतिसाद.

एक शंका मात्र. सहलीला आलेल्या दहा लोकांसमोर गाइडला वसाहतवादावरून धारेवर धरणं बरं दिसेल का? बाकीच्यांनी पैसे भरलेत.

म्हापशाची_शर्वाणी

धारेवर कशाला? विचारायचं. ती माणसंही याच प्रश्नाशी झगडतायत. गुलामांच्या व्यापाराचा इतिहास सांगणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या लोकांनी चालवलेल्या टूर लिस्बनमध्ये आहेत, आणि पोर्तुगीज मंडळी त्या घेतात. मला तरी असा एकही गाइड भेटला नाही ज्याला गोव्याच्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाचा राग आला. उलट 'तुमच्याकडे हे कसं शिकवतात?' म्हणून मलाच विचारतात.

तेजूची_आई

खाण्याची टूर आईंसाठी घेऊ नका असं स्पष्टच सांगते. 'शाकाहारी पर्याय उपलब्ध' लिहितात आणि पाच ठिकाणी चीज आणि ऑलिव्ह पुढे करतात. सगळ्यांना हवा असतो तो पाश्तेल द नाता हा गोड पदार्थ अंड्याच्या बलकाचा. काल्दू व्हेर्द हे पालेभाजीचं सूप दिसायला साधं, पण त्यात सॉसेजचा तुकडा टाकतात. कॅफेच्या काचेत शामुसा दिसेल. तो आपलाच सामोसा, गोव्यामार्गे गेलेला, पण आत बहुतेक वेळा खिमा असतो.

त्याऐवजी: कोपऱ्यावरच्या साध्या कॅफेत भाज्यांचं सूप मिळतं, 'सें कार्न, सें पैश, सें ओवू' म्हणजे मांस, मासे, अंडं नको, एवढं सांगा आणि रस्सा कशाचा आहे ते विचारून घ्या. आणि तुम्ही ज्या दिवसांत जाताय तेव्हा रस्तोरस्ती भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागतात. धुराचे लोट दुरूनच दिसतात. मीठ लावून भाजतात, कागदात गुंडाळून देतात, आईंना नक्की आवडतील. मार्तीं मोनिज चौकाच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी दुकानं आहेत, डाळ-तांदळाची चिंता नाही.

टूर संपल्यावर साव दोमिंगुश चौकातल्या १८४०पासूनच्या टपरीवजा दुकानात आंबट चेरीची जिंजा ही गोड दारू मिळते, इवलासा पेला. घेणाऱ्यांनी घ्यावी.

निळूभाऊ

चपलांबद्दल कुणीच लिहिलं नाही! लिस्बनचे फूटपाथ छोट्या चौकोनी दगडांचे, पांढरी चुनखडी आणि काळा बसाल्ट, त्यातच लाटा, जहाजं, फुलं काढलेली. दिसायला सुरेख, पण पायांनी घासून गुळगुळीत झालेत आणि पाऊस पडला की उतारावर पाय ठरत नाही. ऑक्टोबरअखेर पाऊस असतोच. खोल खाचांचे रबरी तळ असलेले बूट घ्या, इथून जायच्या आधी चालून मऊ करून घ्या.

गुडघ्यांसाठी: बायशातल्या रुआ दुश फांकैरुशवर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. वर जाऊन थोडं चाललं की दुसरी लिफ्ट, आणि तुम्ही टेकडीवरच्या किल्ल्याच्या बऱ्याच जवळ. नाहीतर प्रासा दा फिगैराहून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्यापाशी. २८ नंबरची पिवळी ट्राम फोटोत छान, पण खचाखच भरलेली आणि खिसेकापूंचं माहेरघर. आईंना उभ्याने न्यायची नाही.

मृण्मयी_प

मंडळी, परवाच परत आलो. धाग्याचं ऋण आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

केळशीकरांचं ऐकून तीन ठिकाणी तोच प्रश्न पाठवला होता. एका ठिकाणाहून सवलतीचा कोड आला. दुसरीकडून काहीच नाही. तिसऱ्या ठिकाणी गाइडबाईंनी स्वतः उत्तर दिलं: बांधकामाबद्दल नक्की बोलू, आणि गोव्याबद्दल तुमच्या वडिलांकडून ऐकायला आवडेल. तिथेच बुकिंग केलं. आम्ही धरून नऊ जण होतो.

सुरुवात नदीकाठच्या चौकात. बाईंनी राजा जुझेच्या पुतळ्याकडे पाठ करायला लावली आणि पाण्याकडे बघत भूकंपाची सकाळ सांगितली: लोक कुठून धावत आले, कुठे उभे राहिले, पाणी कुठून आलं. मग वळून बायशाच्या सरळ रेषेतल्या रस्त्यांकडे. त्या एका वळण्यात सगळं आलं.

पण मला सगळ्यांत भावलं ते जमिनीखालचं. रुआ दुश कुरैरुशवर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन जपून ठेवलंय, आधी वेळ घेऊन गाइडसोबतच सोडतात, पैसे पडत नाहीत. बाईंनी टूर बरोबर त्याच वेळेला तिथे आणली. आत रोमन काळातल्या मासे खारवायच्या दगडी टाक्या आहेत, माणूस उभा राहील एवढ्या खोल. आणि त्याच पातळीवर, ओल्या मातीत उभे ठोकलेले पाइनचे खांब. पोंबालच्या वेळचे. बायशा नदीच्या गाळावर आहे, म्हणून इमारतींचा भार पेलायला हे खांब खाली रोवले. लाकूड पाण्याखाली राहिलं की कुजत नाही. पाणी उतरलं तर कुजतं. म्हणजे आजही या पेठेचं आयुष्य खालच्या पाण्याच्या पातळीवर अवलंबून आहे. बाबा खाली वाकून बघत होते, लाकडाचे रेषे अजून दिसतात. मला केळशीकरांनी लिहिलेला भिंतीतला सांगाडा माहीत होता, पायाखालचा हा भाग नवीन होता.

कार्मोच्या चौकात जॅकरांडाच्या झाडांखाली बसलो. बाईंनी २५ एप्रिल सांगितला, शर्वाणीने लिहिला होता तसाच, आणि मग बाबांकडे बघितलं. बाबांनी अगदी शांतपणे १९६१ सांगितलं. त्यांच्या इंग्रजीची मला आधी काळजी होती, पण वर्गात उभे असल्यासारखे बोलत होते. शरणागती पत्करणारे गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्वा, लिस्बनहून आलेला शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम, आणि तो न पाळता त्यांनी वाचवलेले जीव. तिथून पुढे बाईंनी धागा उचलला. परत आल्यावर सालाझारने त्या गव्हर्नरला सैन्यातून काढून टाकलं, आणि याच चौकात राजवट पडल्यानंतर, १९७४मध्ये, त्यांचा हुद्दा परत दिला गेला. बाबांनी त्यावर जोडलं की १९८०मध्ये ते गोव्याला भेट देऊन गेले आणि लोकांनी त्यांचं आदराने स्वागत केलं. अर्धी गोष्ट एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे होती. बरोबरचं एक डच जोडपं वही काढून लिहून घेत होतं. आडवाटेने, बाकीच्यांना कंटाळा येईल ही तुमची शंका मलाही होती. तसं काही झालं नाही.

आल्फामा दुसऱ्या दिवशी आमचे आम्ही केला, बसने वर आणि चालत खाली. सान्ता लुझियाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांची दोन मोठी चित्रं आहेत. एकात ११४७मधला किल्ल्यावरचा हल्ला, दुसऱ्यात भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक, राजवाड्यासकट. आदल्या दिवशी जे नाही म्हणून ऐकलं होतं ते तिथे चित्रात समोर होतं. आईने शोधून काढलं की चित्रात बाजूचा बुरूज आहे आणि बाईंनी दाखवलेल्या चौकात त्या जागी आता पिवळी इमारत आहे. टूर चांगली झाली ती या अर्थाने: दुसऱ्या दिवशी आम्हाला कुणी दाखवायची गरज उरली नाही.

निळूभाऊ, दोन्ही लिफ्ट सापडल्या, आई खूश. तेजूची आई, चेस्टनट रोज.

आल्जूब संग्रहालयात बाबा दोन तास होते. त्यांना काशियशलाही जायचं होतं, पण दिवस पुरले नाहीत. मामा आणि मामी पुढच्या वर्षी जाणार आहेत, तर केळशीकर, तिथे जाता येतं का?

गजाननपंत

नऊ जणांचा ग्रुप. मी म्हटलं नव्हतं का! वाचून समाधान वाटलं. बाबांना नमस्कार सांगा.

केळशीकर

काशियश काइश दू सोद्रे स्टेशनहून काश्काइशच्या लोकलवर आहे, वीस-पंचवीस मिनिटं. पण तिथे आजही तुरुंग चालू आहे, त्यामुळे आत जाता येत नाही आणि भिंतींचे फोटो काढत उभं राहू नये. लोकल टेगस नदीच्या काठाने जाते, तिकिटासाठी मेट्रोचंच कार्ड चालतं. मामांना एवढं सांग की जाताना डावीकडच्या खिडकीशी बसायचं, नदी त्या बाजूला आहे.